ऐकू येणारा ओरखडा

१

सोजराबाईचं वर्षश्राद्ध झालं त्याच दुपारी मोतीरामच्या घरातली चोरी उघडकीला आली. चोरी त्या दिवशी झालेली नव्हती, आधीच कधीतरी झाली होती. दार फोडलेलं नव्हतं, कुलूप मोडलेलं नव्हतं, आणि गेलेली वस्तू तर पेटीत जागच्या जागी पडलेली होती.

मोतीराम देऊळघाटचा. दोन बिघे ओलिताचं रान, त्यात वांगी, मिरची, कांदा. माल बुलढाण्याच्या बाजारात जायचा. महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण देऊळघाटात वीज काही घरोघरी आली नव्हती. तरीही मोतीरामकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं. टॉर्चच्या सेलवर चालणारं, सूटकेससारखं मिटणारं. त्यावर वाजवायला तबकडी एकच. ती सोजराबाईची.

पंगती उठल्या. वड्यांचा वास अजून अंगणात होता. गल्लीतले लोक सुपारी कातरत ओट्यावर बसले होते. मोतीरामची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई आतून आली. ती विधवा होती, आणि सोजरा गेल्यापासून घर तिनंच सांभाळलं होतं.

"मोत्या, वर्ष फिटलं आज. लाव आता तिची तबकडी. लोकं थांबून राह्यले."

"नको बाई."

"नको काय नको? वर्षभर कोंडून ठेवली तिले. आज तरी गाऊ दे."

ही तबकडी कशी झाली ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सोजरा जात्यावर गायची. अकोल्याच्या एका छोट्या कंपनीच्या मालकानं कुणाच्या तरी हळदीला तिच्या ओव्या ऐकल्या आणि नवरा-बायकोला अकोल्याला बोलावलं. कंपनीचा छाप मोराचा. भिंतींना गोधड्या टांगलेली एक खोली. साहेबानं बजावलं, लाल दिवा विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही. सोजरा डोळे मिटून गायली.

वाफ्यातला पाट माझ्या पायापाशी थबकला,
माहेराकडला ढग डोंगराशी अडकला.

शेवटची ओवी संपली. दिवा अजून जळत होता. सोजरानं वळून कोपऱ्यात बसलेल्या मोतीरामला विचारलं, "झालं का हो?"

मोतीराम बोलणार, तोच साहेबानं ओठांवर बोट ठेवलं. मोतीरामनं उत्तर गिळलं.

ते तेवढे शब्द तबकडीत उतरले, आणि ते मात्र गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. गाणं संपतं, मग थोडी घरघर, आणि मग अगदी शेवटी तिचा आवाज. गाण्यातला नाही, घरातला. सोजराला त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. "जगापुढं नवऱ्याले हाक मारली मी!" तबकडी लावली की ती टपून बसायची, आणि शेवटची ओवी सरली की धावत येऊन सुई उचलायची. त्यामुळे ते शब्द घरात कुणीच ऐकले नव्हते. एकदा ती पिठाच्या हातानं धावत आली आणि बांगडी तबकडीवरून खर्रकन फिरली. तेव्हापासून शेवटच्या ओवीत 'टक् टक्' असा आवाज यायचा.

मोतीराम मात्र एकटा असला की सुई उचलत नसे. "झालं का हो?" ऐकायचा आणि मग यंत्र मिटायचा. सोजराचा लग्नातला एक फोटो होता, त्यात तिचं तोंड पदरात होतं. तिचं साधं बोलणं जगात आता तेवढ्याच एका जागी उरलं होतं. म्हणूनच वर्षभर त्यानं ती लावली नव्हती. छाती होत नव्हती.

त्यानं पेटीतून तबकडी काढली. कागदी बिल्ल्यावर मोर होता. मोरावर हळदीचा ठिपका, शेजारी कुंकवाचा. सोजरा दर दसऱ्याला तबकडीची पूजा करायची. त्यानं सुई ठेवली.

सोजरा गायली. बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. शेवटच्या ओवीत टक् टक् झालं, आणि अन्नपूर्णाबाई रडता रडता हसली. "पाहा, बांगडी वाजली तिची."

गाणं संपलं. लोक उठू लागले. मोतीराम वाकून बसला होता. घरघर झाली. आता. सुई बिल्ल्याला जाऊन टेकली.

शब्द आलेच नाहीत.

त्यानं पुन्हा लावली. पुन्हा ओव्या, पुन्हा टक् टक्, पुन्हा घरघर, पुन्हा काही नाही. सवयीनं त्यानं तबकडी उचलली आणि बांगडीच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. दर वेळी फिरवायचा तसा.

अंगठा गुळगुळीत फिरला. त्यानं उजेडात धरून पाहिलं. उलटून पाहिलं. तबकडी कोरी करकरीत होती.

ओरखडा ऐकू येत होता, पण तबकडीवर ओरखडा नव्हता.

२

"तुह्या डोळ्याले झापड आली असन," अन्नपूर्णाबाई म्हणाली. मग तिनं स्वतःचं बोट फिरवलं, आणि घाईनं पुन्हा फिरवलं.

लोक गेल्यावर मोतीरामनं दार लोटलं.

"बाई, पेटीची किल्ली कोणापाशी असते?"

"माह्या कमरेले. झोपतानी बी."

"वर्षात पेटी कितींदा उघडली?"

"तू माह्यावर वहीम घेऊन राह्यला का रे?"

"तसं नाही. तू सांग फक्त."

अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून बसली. आठवायला तिला वेळ लागला नाही, कारण सुतकी वर्षात घरात येणारं माणूसच कमी.

"पहिले नाझरसाहेब आलते बुलडाण्याचे. भेटाले. तुले म्हटलं होतं त्याईनं, की तबकडी इकत द्या. तू खेकसला अन् वावरात निंगून गेला. मंग मले म्हणे, नुसती पाहू द्या. देल्ली मी. खिडकीपाशी नेऊन पाह्यली त्याईनं."

"तुह्यासमोर?"

"मी चहा टाकाले गेलती."

"पुढं सांग," मोतीराम म्हणाला.

"मंग पोळ्याले तो इंद्रभान आलता, भोंगेवाला. म्हणे, भाभी गेल्यापासून मशीन बंद हाय, सेल पाझरले असतीन, पाहून देतो. मशीन अन् तबकडी दोन्ही देल्ल्या. ओट्यावरच बसून वाजवून पाह्यली अन् वापस देल्ली."

"अजून?"

"अजून कोण? आपली कोकिळा. उन्हाळ्यात आखाजीले मायच्या घागरीसाठी आलती, पोळ्याच्या पहिले एक दिवस, अन् मंग दिवाळीले. पेटीतून मायचं लुगडं काढून घेऊन बसे पोरगी."

"लेकीचं काऊन सांगतं?"

"तू इचारलं म्हून सांगतलं!"

कोकिळा एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याला दिली होती. आज आईच्या वर्षश्राद्धाला ती आली नव्हती. सासूचे गुडघे धरलेत, उठता येत नाही, असा निरोप होता. मोतीरामला त्याचं वाईट वाटलं होतं. आता मात्र वाटलं, बरं झालं पोरगी नव्हती. तिच्या देखत हे झालं असतं तर?

त्यानं तबकडी फडक्यात गुंडाळली आणि सकाळच्या गाडीनं बुलढाणा गाठलं.

३

वामनराव कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. रेकॉर्डी जमवायचा त्यांना नाद होता. माणूस फटकळ. दोन कपाटं भरून तबकड्या, आणि एकीलाही कुणी हात लावलेला चालत नसे.

"आधी हात धुऊन ये," ते म्हणाले. "वांग्याच्या हातानं तबकडी धरतोस?"

मोतीराम हात धुऊन आला. त्यानं काय झालं ते सांगितलं. शेवटच्या शब्दांचं सांगताना तो खाली बघत होता. असलं बोलणं परक्या माणसाला सांगायचं म्हणजे कसंतरीच. पण ते सांगितल्याशिवाय काय गेलं ते कळणार नव्हतं.

वामनरावांनी चष्मा बदलला. बिल्ल्याच्या कडेला नख लावलं. कड किंचित उचलली.

"ही बघ पहिली लबाडी. अस्सल तबकडी तापलेली असताना बिल्ला तिच्याबरोबरच दाबला जातो. अंगातच बसतो तो. नखाला लागत नाही. हा मागून खळीनं चिकटवलाय." त्यांनी तबकडी तिरपी धरली. "आणि इथं, गाणं संपतं आणि बिल्ला सुरू होतो, त्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात कारखान्यातला माणूस सुईनं नंबर खरडतो. मी तुझ्या घरी आलो होतो तेव्हा तोच बघायला खिडकीशी गेलो होतो. तेव्हा होता. इथं नाही."

"मंग बांगडीचा आवाज कसा येते हो?"

"तुझ्या कपाळावर व्रण आहे. आरशात दिसतो ना? आरशावर हात फिरवलास तर हाताला लागेल का?" वामनराव म्हणाले. "तुझी तबकडी वाजवली, तो आवाज टेपवर घेतला, टेपवरून साचा केला आणि नवीन तबकडी दाबली. मुंबईत चोरून असली कामं करणारे कारखाने निघालेत. तिच्यात जे जे होतं ते सगळं हिच्यात आलं, ओरखड्यासकट. पण नुसतं ऐकू येण्यापुरतं."

"अन् ते शब्द?"

"गाणं संपलं तिथं कुणीतरी टेप बंद केला असेल."

मोतीरामच्या डोक्यात जे घोळत होतं ते एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"नाझरसाहेब, तुमी मांगत होते ती तबकडी. अन् बाई चहा टाकाले गेलती."

वामनरावांचा चेहरा लाल झाला. ते उठले. मोतीरामला वाटलं, आता हे आपल्याला हाकलणार. पण ते कपाटाशी गेले, तळातल्या खणातून एक तबकडी काढली आणि यंत्रावर लावली.

सोजरा गाऊ लागली.

शेवटची ओवी आली. टक् टक्.

"गेल्या महिन्यात चिखलीच्या बाजारात घेतली," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "इतकी वर्षं शोधत होतो. कंपनी बुडाली, मालक वारला, अस्सल कुठं मिळत नव्हती. दिसली तशी झडप घातली. घरी येऊन बिल्ला बघितला आणि कपाळावर हात मारला. मी, इतक्या तबकड्या बघितलेला माणूस! कुणाला सांगितलं नाही. आवाज येतो तो धुळीचा असेल समजत होतो." ते थांबले. "आज कळलं. तुझ्या बायकोची बांगडी माझ्या घरात वाजते आहे, मोतीराम. आणि कुणाकुणाच्या घरात वाजत असेल देव जाणे."

मोतीराम यंत्रापाशी आला.

"कोणापासून घेतली?"

"भोंगेवाला इंद्रभान. आणि हे बघ." वामनरावांनी दोन्ही तबकड्या शेजारी ठेवल्या. मोर तोच, रंग तोच. "माझ्या मोराला कुंकू नाही. विकायच्या मालाला कोण लावतो? तुझ्या मोराला आहे. बाकीच्या बाजारासाठी काढल्या. ही एक कुणीतरी खास तुझ्यासाठी तयार केली आहे."

मोतीरामनं त्या ठिपक्यांकडे पुन्हा पाहिलं. हळद एकीकडे, कुंकू एकीकडे. काहीतरी बोचत होतं. आणि मग आठवलं. सोजरा आधी हळद टेकवायची आणि कुंकू त्याच्यावरच लावायची. वर्षानुवर्षांचा तिचा ठिपका एकच होता, विटकरी झालेला.

हा हात सोजराचा नव्हता.

४

इंद्रभानचं दुकान बुलढाण्यातच बसथांब्यामागं होतं. बाहेर भोंगे टांगलेले. मोतीरामला बघताच त्यानं हातातली तार खाली ठेवली. त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"या भाऊ. बसा."

"बसाले नाही आलो बे. माह्या बायकोचा आवाज बाजारात इकतं काय?"

"हळू बोला, गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाइकालेबी आयकू दे. चोरलेला माल घेऊन राह्यला तो."

आत केबल बघत असलेलं गिऱ्हाईक केबल ठेवून निघून गेलं. इंद्रभाननं कपाळाचा घाम पुसला.

"भाऊ, इकलं ते खोटं नाही म्हणत. ठाण्यात जायचं तं जा. पण चोरी नका म्हणू. मले ती तबकडी हक्काच्या माणसानं आणून देल्ली."

"कोणं?"

"ते नाही सांगत. मले म्हटलं, अशीच एक करून पाह्यजे, हुबेहूब. आता मुंबईवाला एका तबकडीसाठी साचा करते काय? गठ्ठ्यानंच काढा लागते. एक त्या माणसाले देल्ली, बाकीच्या माह्यापाशी राह्यल्या. म्या म्हटलं, भाभीचा आवाज एवढा गोड, लोकं आयकतीन..."

"अन् पैसे तू मोजशीन."

इंद्रभाननं मान खाली घातली.

"पोळ्याले घरी आलता तो काऊन?"

"मशीन पाह्यलं. नव्या तबकडीवर तुमची सुई बराबर बसते का नाही ते पाहाचं होतं."

मोतीरामला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. "म्हंजे पोळ्याले पेटीत होती ती नवीच होती?"

"तवा अस्सल होती. नवी मी खिशात... म्हंजे पिशवीत आणलती. तुमच्या बाईपुढं दोन्ही वाजवल्या, त्याईले काय समजते? अस्सल पेटीत ठेवली, नवी घेऊन गेलो. पेटीतली बदलली ते म्या नाही बदलली, भाऊ. एवढी शपथ घेतो."

"अस्सल माह्या पेटीत होती तं टेप कशी घेतली?"

"आखाजीनंतर आली होती माह्यापाशी. टेप झाल्यावर वापस गेली. तुमच्या पेटीत वापस कशी आली ते मी नाही पाह्यलं."

अस्सल बाहेर गेली, टेप झाली, परत पेटीत आली. आणि पोळ्यानंतर कधीतरी कायमची गेली. चोराला पेटी दोनदा, तीनदा उघडता येत होती. किल्ली बाईच्या कमरेला होती.

"शेवटचं काऊन कापलं?" मोतीरामनं विचारलं. त्याचा आवाज फाटला.

"शेवटी काय होतं? गाणं सरलं, मंग नुसती घरघर. टेपवाल्याले म्हटलं, कर बंद." इंद्रभान खरोखरच गोंधळला होता. "काऊन, काय होतं?"

मोतीराम भोंग्यांकडे पाहू लागला. भोंग्यांवर दसऱ्याची बोटं उमटली होती. लाल, रांगडी, बोटभर फासलेली. शेजारी शेजारी ठिपके कुठंच नव्हते.

तो पायरी उतरला तेव्हा इंद्रभान मागून म्हणाला, "भाऊ, त्या माणसावर राग नका धरू. नाव सांगू नको म्हून गेलेल्या माणसाची आण घातली मले. घालतानी डोळे भरून आलते."

५

मोतीराम साखरखेर्ड्याला निघाला तो चोर शोधायला नाही. आईची तबकडी गेली हे लेकीला आपल्या तोंडानं सांगावं, दुसऱ्याकडून तिला कळू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. तिला काय तोंड दाखवायचं? वर्षभर ती म्हणत होती, बाबा, एकदा लावा ना. आखाजीला म्हणाली, दिवाळीला म्हणाली. तो दर वेळी उठून बाहेर गेला होता. चिखलीला गाडी बदलताना त्याला हे सगळं आठवत होतं. सोबत वांग्यांची पिशवी होती.

अंगणात विहीण रुक्मिणीबाई कापसाचं गाठोडं डोक्यावरून उतरवत होती.

"अगं बाई, व्याही! बसा की. आज कसं काय येणं केलं?"

"तुमचे गुडघे कसे हायेत?"

"माझ्या गुडघ्याला काय होतंय? सकाळधरनं वेचणीला गेले होते."

मोतीराम बाजेवर बसला. गुडघ्यांचं काय ते त्याला कळेना. प्रवासानं डोकं जड झालं होतं. रुक्मिणीबाईनं आत हाक मारली, "कोकिळा, पाणी आण, तुझे बाबा आले."

आतून उत्तर आलं नाही.

मोतीरामची नजर समोर गेली. ओसरीत धान्याची कणगी होती. तिच्यावर हळदीचा ठिपका, शेजारी कुंकवाचा. पलीकडे शिलाईचं मशीन. हळद, शेजारी कुंकू. चौकटीवर. सायकलच्या दांडीवरसुद्धा.

त्याच्या कानात घरघर सुरू झाली.

"विहीणबाई," तो म्हणाला, "हे ठिपके असे... शेजारी शेजारी?"

"आमच्यात असंच लावतात. हळद कुंकवाखाली झाकायची नाही. ही आली तेव्हा एकावर एक लावायची, तुमच्याकडची रीत. मी म्हटलं, बाई, इथं असं नाही. आता हात बसला तिचा. या दसऱ्याला सगळं तिनंच केलं."

हात बसला.

मोतीरामला एकेक गोष्ट दिसू लागली, आणि दिसू नये असं वाटत होतं तरी दिसत राहिली. मायचं लुगडं काढायला बाईनं कमरेची किल्ली न विचारता कुणाला दिली असती? इंद्रभाननं हक्काचं माणूस कुणाला म्हटलं असतं? गेलेल्या माणसाची आण घालताना कुणाचे डोळे भरले असते? आखाजीला कोण आलं होतं, दिवाळीला कोण आलं होतं? वर्षश्राद्धाला, तबकडी लागेल त्या दिवशी, कोण आलं नव्हतं? आणि बापाला ओळखू येऊ नये म्हणून नव्या मोराला जिवाच्या आकांतानं हळदकुंकू कुणी लावलं असेल, आणि लावताना सासरचा हात कुणाचा चालला असेल?

कोकिळा दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. बाप कणगीकडे बघतो आहे हे तिनं पाहिलं होतं.

"कोकिळा," मोतीराम म्हणाला, "मायची तबकडी कुठी हाय?"

तिनं तांब्या बाजेखाली ठेवला. आत गेली आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तबकडी घेऊन आली. बापाच्या पायाशी बसली. रुक्मिणीबाईचं तोंड उघडं राहिलं.

मोतीरामनं अंगठा फिरवला. ओरखडा होता. बिल्ल्यावर सोजराचा विटकरी ठिपका होता.

"काऊन केलं बाई तू हे?"

"आखाजीले तुमी वाजवू देल्ली नाही. म्या गुपचूप नेली. आत्याले म्हटलं लुगडं काढतो, किल्ली दे. इंद्रभानकाकाले म्हटलं, एक मले करून द्या. तवा चोरायचं मनात नव्हतं, बाबा. मले नक्कल पाह्यजे होती अन् अस्सल तुमची. पोळ्याच्या आधी वापस आणून ठेवली बी, एका दिवसासाठी आलती मी. आत्याले इचारा."

"अन् मंग?"

"मंग दिवाळीले नक्कल घेऊन आली. दोन्ही मांडीवर ठेवल्या. नक्कलेवर हात फिरवला." ती थांबली. तिनं बोटानं तबकडीवरच्या ओरखड्याला स्पर्श केला. "त्याच्यात हे नव्हतं. आवाज होता, पण हे नव्हतं. इथी तं मशीनबी नाही, मी काय वाजवणार? मी नुसता हात फिरवतो याच्यावर. मले वाटलं, आवाज बाबापाशी राहू द्यावा. आईचा हात तेवढा मी नेतो."

मोतीरामला ओरडायचं होतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं.

"तुमचं काय गेलं, बाबा?" कोकिळा रडत म्हणाली. "आवाज तं सगळा होता ना तुमच्यापाशी?"

"नव्हता," मोतीराम म्हणाला.

त्यानं तबकडी पुन्हा लुगड्यात गुंडाळली.

"चाल माह्यासंगं. घरी चाल. सांगून नाही समजत ते."

रुक्मिणीबाईनं पदर खोचला. "जा गं. पण येताना माझ्या गुडघ्यांना बरं वाटलं म्हणून सांगत ये सगळ्यांना."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळघाटला अन्नपूर्णाबाईनं दार लावून घेतलं. बापलेक यंत्रासमोर बसले. मोतीरामनं नवे सेल घातले आणि सुई ठेवली.

सोजरा गायली. वाफ्यातला पाट थबकला, ढग डोंगराशी अडकला. टक् टक्. ओवी सरली, आणि कोकिळाचा हात आपोआप सुई उचलायला पुढं झाला. आईचीच सवय. मोतीरामनं तिचं मनगट धरलं.

"थांब."

घरघर. कोकिळानं बापाकडे पाहिलं. अजून घरघर.

"झालं का हो?"

कोकिळा दचकून मागं वळली. खरोखर मागं, चुलीकडे. अन्नपूर्णाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. सुई बिल्ल्याला टेकली तरी कुणी हललं नाही.

"ही... ही आई बोलली?" कोकिळानं विचारलं. "हे कधीचं हाय?"

"पहिलेपासूनचं. तुही माय लाजे, म्हून ऐकू देत नव्हती. अन् मी तुले सांगतलं नाही. मले वाटे, ते फक्त माह्यासाठी हाय."

"म्हंजे म्या नक्कल ठेवली तवा..." तिला पुढं बोलवेना. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "बाबा, म्या आईले मधीच गप्प केलं."

"तुले माहीत नव्हतं. मी सांगतलं असतं, तं तू नेलीच नसती."

मग तिनं विचारलं, "तवा तुमी काय म्हटलं तिले? अकोल्याले?"

"काही नाही. साहेबानं बोट दाखवलं, गप म्हून. म्हटलं घरी जाता जाता सांगू. गाडीत गर्दी होती. मंग राहून गेलं."

तबकडी आता देऊळघाटला पेटीत आहे. पेटीला कुलूप नाही. कोकिळा येते तेव्हा दोघं ती शेवटपर्यंत लावतात. इंद्रभाननं उरलेल्या तबकड्या परत आणून दिलेल्या नाहीत, आणि ज्या विकल्या गेल्या त्या घरांमध्ये सोजरा अजून शेवटच्या ओवीलाच थांबते. मोतीराम त्या घरांमध्ये गेलेला नाही, इंद्रभानकडेही पुन्हा गेलेला नाही. आणि सोजरानं विचारलं होतं त्याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही.